दारावरचा सांधा

बाबांचा उभा जन्म दगड घडवण्यात आणि रचण्यात गेला, आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीने भिंतींवर दगडांची सोंगं रंगवायचा धंदा धरला. नशिबाने आपली थट्टा केली, असं त्यांना वाटे. "भिंतीला पावडर फासतेस," एवढंच ते म्हणत. बारा वर्षांत त्यांनी तिचं एकही काम पाहिलं नव्हतं. लेक ते हसण्यावारी नेई, पण आतून तिला लागे. एकदा त्यांनी नीट बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बाबा तिच्याकडे राहायला आले. आता पळून जायची सोय नव्हती. तिने डाव साधला आणि त्यांच्या खुर्चीसमोरचीच, आतल्या दाराची भिंत कामाला घेतली.

पहिल्या दिवशी राखाडी अस्तर झालं. बाबा पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी तिने चिकटपट्ट्या लावून सांधे आखले, स्पंजाने तीन छटा एकमेकींत जिरवल्या, जुन्या टूथब्रशने काळे शिंतोडे उडवले. पेपर मांडीवर आला. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या आणि ती बारीक ब्रशने दगडांच्या खालच्या कडांना सावली देऊ लागली. एकेक दगड भिंतीतून चक्क पुढे यायला लागला. बाबांचा चहा गार झाला. ज्यांच्या हाताखालून अख्खे डोंगर गेले, ते आ वासून बघत होते. तिच्याही अंगावर काटा आला. इतकं जिवंत तिला आजवर साधलं नव्हतं.

ब्रश धुवायला ती आतल्या दाराकडे निघाली, तशी बाबांनी काठी आडवी घातली.

"थांब. खालून जाऊ नकोस."

"का? काय झालं?"

"दाराच्या वर, बरोबर मध्यावर सांधा आलाय. एवढा भार दोन तुकड्यांवर राहील का? डोक्यात पडेल."

"बाबा, रंग आहे तो."

बाबा उठले, भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"माहीत आहे मला," ते अखेर म्हणाले. "तरी तिथे एक सलग दगड घाल. आपल्यात असं बांधत नाहीत."

बांधत नाहीत, म्हणाले ते. तिचे डोळे भरून आले. तिने सांधा बुजवला, बाबा मागून अंदाज सांगत होते, "अजून वीतभर डावीकडे." आणि तो दगड पुरता वाळेपर्यंत त्यांनी तिला त्याखालून जाऊ दिलं नाही.