उठून बसणारं पान

धाकट्या बहिणीच्या खोलीत अख्खी गल्ली श्वास रोखून उभी होती. पडदे ओढलेले, पंखा बंद. कॉटवर माझी भाची तापानं फणफणलेली, आणि तिच्या तळहातावर काड्यापेटीएवढ्या प्राचीन कुराणातलं एक सुटं पान.

ते पान हललं. कडा उचलल्या, पाठ वाकली, आणि झोपेतून कुणी उठावं तसं उठून बसलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"पान उठलं, दुखणं उठलं!" फुंकर मारून दुखणी घालवणारा फुंकरबाबा उशाशी बसून गरजला. "औषध मात्र नको. पान रुसतं!"

"गोळ्या बंद केल्यास?" मी बहिणीला विचारलं.

"परवापासून. ताई, पण रोज जास्तच उठतंय गं ते!"

रोज जास्त! मी कॉटजवळ गेले.

मी संग्रहालयात जुनी हस्तलिखितं दुरुस्त करते. वाकून पाहिलं. पान अस्सल होतं, कातड्याचं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, पण एक ओळ ढळलेली नाही. मी ते अलगद माझ्या कोरड्या हातावर घेतलं. ते गप्प पडून राहिलं.

"हिच्या मनात शंका आहे!" बाबा ओरडला.

मी पान जपून बाबाच्या डबीत ठेवलं. पिशवीतून ठिगळासाठीचा कोऱ्या कातड्याचा तुकडा काढला आणि ओल्या केलेल्या रुमालावर टाकला. तुकडा उठून बसला.

"बघा बाबा, रुमालाची श्रद्धा केवढी!"

कुणीतरी फिसकन हसलं. बहीण हसली नाही.

"कातड्याला खालून ओल लागली की ते फुगतं, वर वळतं," मी म्हणाले. "म्हणून तर अशी पुस्तकं घट्ट डबीत ठेवतात."

"मग रोज जास्त का?"

"पोरीच्या हाताला घाम जास्त येतोय म्हणून. ताप हटलेला नाही, वेडे."

बहीण किंचाळलीच. शेजारणीनं गाडी बोलावली, पोरीला दवाखान्यात नेलं. बाबा कधी सटकला, कळलंही नाही.

ज्या हातानं ती अक्षरं लिहिली, त्याचं खुशाल नवल करा, मीही करते. पण तापलेलं लेकरू आधी डॉक्टरकडे न्या.

तरी अजून डोळे मिटले की ते पान माझ्यासमोर उठून बसतं. बहिणीचंही तसंच असावं. ताप उतरल्यावर तिनं माझ्याकडून तो कोरा तुकडा मागून घेतला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ बघत बसली. तो हलला नाही, तेव्हा कुठे ती रडली.