चित्रात नसलेला बोर्ड

मी एक स्केटबोर्ड बोलतोय, पण हळूच. आवाज न करणं हीच माझी नोकरी होती.

माझी भावंडं रस्त्यावरून खडखडाट करत जातात. मला मात्र चित्रपट काढणाऱ्या ताईने जाडजूड, मऊ चाकं लावली. ती माझ्यावर उभी राहून, कॅमेरा घेऊन पोरांच्या मागे सुटायची. त्यांच्या बोर्डांच्या आवाजात माझा आवाज मिसळायला नको ना! बँकेच्या पायऱ्या, पुलाखालचा उतार, बाजारामागचं सिमेंटचं अंगण, सगळं शहर मी पालथं घातलं. पण ताईच्या पाच चित्रपटांत मी कुठेच नव्हतो. मी दिसतो तरी कसा, याचं मला भारी कुतूहल.

माणसांचंही तसंच. आपटल्यावर ही पोरं आधी कोपर बघत नाहीत. ताईकडे बघून विचारतात, "कॅमेऱ्यात आलं का?"

पोटासाठी ताई दुकानांच्या जाहिराती तयार करायची, उरलेला सगळा जीव आमच्यात. "नसते उद्योग!" असं तिचे वडील म्हणायचे आणि कॅमेऱ्याच्या पिशवीचा तुटलेला पट्टा स्वतःच शिवून द्यायचे.

सहावा चित्रपट बेडक्याच्या उडीवर संपणार होता. उड्या मारतो म्हणून त्या पोराचं नाव बेडक्या. वाचनालयासमोरच्या अकरा पायऱ्या त्याला बोर्डासकट एका झेपेत ओलांडायच्या होत्या. दोन दिवसांनी गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर असल्या उड्या कायमच्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

सकाळपासून तो पडत होता. लंगडत वर यायचा, म्हणायचा, "आणखी एकदा." ताई बटण दाबायची, मी त्याच्या मागे निघायचो. एकेचाळिसाव्या खेपेला तो खाली टेकला तो उभाच! पोरांनी नुसता कल्ला केला.

ताईने कॅमेऱ्यात पाहिलं आणि मटकन माझ्यावर बसली. अगदी सुरुवातीला बेडक्या बुटाची नाडी बांधायला थांबला होता, तेव्हा कॅमेरा चालूच राहिला. चालू-बंदचं बटण एकच, त्यामुळे तिथून सगळं उलटं झालं. तो निघाला की कॅमेरा बंद, पडून परत येताना चालू. उन्हात तिला कॅमेरा चालू असल्याचा लाल ठिपका दिसलाच नाही.

बॅटरी संपली, असं सांगता आलं असतं. पण ती पायऱ्या उतरून गेली. "उडी नाही आली रे. माझी चूक."

बेडक्याने बुटाची नाडी सोडली. तो म्हणाला, "आता पाय उचलत नाही, ताई." मग विचारलं, "पण मग आलंय काय त्यात?"

जे आलं होतं तेच ताईने चित्रपटाच्या शेवटी लावलं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, एका छोट्या सभागृहात पहिल्या रांगेला टेकून मीही बघत होतो. पडद्यावर अकरा पायऱ्या, कठडा धरून चढणारा बेडक्या, चाळीस वेळा. ताईने कॅमेरा खाली धरलेला, म्हणून खालच्या कोपऱ्यात टवके उडालेला, पोट खपाटीला गेलेला एक बोर्ड. अरे, हा तर मी! शेवटी तिरकं आभाळ आणि पोरांचा कल्ला.

बेडक्याची आई पहिल्यांदाच आली होती. ती हळूच म्हणाली, "घरी नुसता खरचटून यायचास. इतक्या वेळा परत वर जायचास?"

"जायचो."

तिने त्याच्या कुबड्या स्वतःच्या मांडीवर घेतल्या.

आता मी मधोमध तडकलोय. माझी चाकं नव्या बोर्डाला गेली आणि मी ताईच्या टेबलावर फळी होऊन बसलोय, अंगावर तिच्या बॅटऱ्या घेऊन. एकच मागणं आहे. पायऱ्यांवर एखादं पोर आपटलेलं दिसलं, तर लगेच पुढे जाऊ नका. ते वर येईपर्यंत थांबा.