अथांग खिसा

२००७ सालच्या मे महिन्यातला रविवार. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये रविवारी दुकानं बंद आणि सायकली चालू असतात. मयुरेश देवस्थळी जेवण उरकून संगणकापुढे बसला होता. शेजारी चांदीच्या ताटात अनारसे होते. अधिक महिना लागला होता, आणि अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. सासऱ्यांनी, साताऱ्याच्या पद्माकररावांनी, तेहतीस अनारसे आणि ते ताट विहीणबाईंबरोबर, म्हणजे मयुरेशच्या आईबरोबर, विमानाने धाडलं होतं. विष्णू एका हाताने अनारसा खात होता आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरचे पत्ते बदलत होता.

"जुगार नाही गं आई हा," तो म्हणाला. डॉक्टरेट संख्याशास्त्रातली, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. "व्हिडिओ पोकर. शंभर युरो लावले की नीट खेळणाऱ्याला सरासरी साडेनव्व्याण्णव परत मिळतात."

"म्हणजे अर्धा गेलाच की," मालिनीबाई म्हणाल्या.

"गेनाऊ, बरोबर! पण ही साइट लावलेल्या प्रत्येक शंभरावर पाऊण युरो कॅशबॅक देते. म्हणजे पाव युरो आपला. शिवाय जिंकलं की डबल-अप. दुप्पट नाहीतर शून्य, निम्मी-निम्मी शक्यता. त्यात फायदा कुणाचाच नाही, पण कॅशबॅक त्याच्यावरही मिळतो. फुकटात!"

"हुशार आहे हो माझा."

"आल्झो, म्हणजे, मध्ये हरण्याच्या लाटा येतात. तेवढ्यापुरतं मागून भांडवल येत राहिलं पाहिजे. खिसा अथांग असला की हे गणित चुकत नाही."

अथांग खिसा साताऱ्याला होता. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या पद्माकररावांचा फंड गेल्याच वर्षी एका लाटेत गेला होता. आता उरला होता राहता फ्लॅट, आणि त्याला गिऱ्हाईक आलं होतं.

हुंडा? छे! देवस्थळ्यांनी लग्नपत्रिकेतच छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये'. सुशिक्षित घर. मागायचं कधीच नाही. फक्त रविवारी सुनेने माहेरी फोन करायचा आणि 'यांचं जरा अडलंय' म्हणायचं. पुढचं माहेर आपलं आपण समजून घेतं.

मयुरेशने टेलिफोन कार्ड बायकोपुढे सरकवलं. "बाबांना फोन कर ना. मागू नकोस हं. नुसतं सांग."

"ते अधिकाचं वाण समजून देतील गं," मालिनीबाई म्हणाल्या. "त्यांनाही पुण्य."

संध्या सासूसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणत असे. आज विसरली.

"मयुरेश, या गणितात माझे बाबा हरले तर त्यांना कॅशबॅक किती?"

"इमोशनल होऊ नकोस."

तिने नंबर फिरवला. "बाबा, घर विकू नका. एक पैसाही पाठवू नका. मी मजेत आहे."

पलीकडून दबक्या आवाजात, "जवळ कुणी आहे का गं?"

"सगळे आहेत. ऐकतायत. तरी सांगतेय."

"बरं बरं. तू रडू नकोस."

"बाबा, मी रडत नाहीये!"

"नाही ना? बरं. जावईबापूंना नमस्कार सांग."

फोन बंद झाला. मयुरेश चिडला नाही. तो फक्त खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मालिनीबाईंनी उरलेले अनारसे झाकले.

साताऱ्यात पद्माकरराव फोनशेजारी बसून राहिले. त्यांच्या मजल्यावरच्या पाटणकरांची मुलगीही सासरहून 'मी मजेत आहे' म्हणायची, शेवटच्या फोनपर्यंत. मुलीच्या बापाला सरळ वाक्य सरळ ऐकूच येत नाही. 'पाठवू नका' म्हणजे कमी पडलं. 'सगळे ऐकतायत' म्हणजे तिला दमात घेतलंय. त्यांनी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन केला, भाव उतरवून रोख व्यवहार ठरवला, आणि जेवढे द्यायचे मनात होते त्याच्या दुप्पट जावयाच्या खात्यावर पाठवले. स्वतः बसस्टँडामागे भाड्याच्या खोलीत गेले.

पैसे आले तेव्हा मयुरेश खरोखर हेलावला. "ग्रेट माणूस आहेत गं तुझे बाबा," तो म्हणाला, आणि खेळायला बसला. डबल-अपवर यापुढे कॅशबॅक मिळणार नाही, अशी एक बारीक ओळ साइटने मधल्या काळात नियमांत घातली होती. ती त्याने भांडवल संपल्यावर वाचली.

संध्याने कोपऱ्यावरच्या बेकरीत पहाटेची नोकरी धरली, स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, आणि पहिल्या पगारातून बाबांना खोलीचं भाडं पाठवलं.

ते परत आलं. लेकीचा पैसा बापाने कसा घ्यायचा? पद्माकररावांनी तो इमानेइतबारे परत केला. त्यांना ठाऊक असलेल्या एकाच खात्यावर, जावयाच्या. वर थोडी स्वतःची भर घालून, कारण परत करायचं तर रिकाम्या हाताने करू नये.

"बघ," मयुरेश म्हणाला, "मागून येतंच आहे."

तुम्ही म्हणाल, जावई जुगारी निघाला. निघाला खरा. पण त्याने मागितलं कधीच नाही, आणि साइटने तर साताऱ्याचं नावही ऐकलं नव्हतं. ते घर आपणच विकलं. 'करावं लागतं' म्हणणाऱ्या आपण सर्वांनी मिळून.

संध्या आता भाडं पाठवत नाही, तिकिटासाठी साठवते. फोनवरचा नकार बाबांना ऐकू येत नाही. तो समोर उभं राहून, त्यांचा हात धरून सांगायला हवा. पुढचा अधिक महिना २०१० च्या वैशाखात आहे. पद्माकररावांनी तेव्हाच्या वाणासाठी रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी धरल्याचं तिला अजून कळलेलं नाही.