गव्हावर ज्वारी

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले आणि त्याच आठवड्यात आईसमोर हरले. तेही एका पट्टीमुळे.

मला गहू चालत नाही. आवडतो खूप, पण आतड्यांना सोसत नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात त्याला. मागच्या वर्षी घशातून नळी घालून तपासलं तेव्हा कळलं. या वेळी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नळी नको, घरीच लघवीची पट्टी लावून बघा. एक रेघ आली तर गहू पोटात गेला नाही, दोन आल्या तर गेला.

दोन आल्या.

"काय खाल्लंस?" आईनं विचारलं.

"तुझीच भाकर."

"मग काय पट्टी खोटं बोलून राहिली? जयासोबत समोसा खाल्ला असशील. सांग ना, मी काही मारत नाही."

मारलं असतं तर परवडलं असतं. तिनं माझ्या दप्तराची चेन उघडून वास घेतला.

आणि जया तर मला हल्ली बोलवतही नाही. शाळा सुटली की सगळ्याजणी समोशाच्या ठेल्यावर जातात, मी सायकलच्या कुलुपाशी उगाच खुडबुड करत राहते. "तुझा तर रोजच उपास असतो ना," ती एकदा म्हणाली. चिडवायला नाही म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मी भाकर, भात आणि भाजीशिवाय कशाला हात लावला नाही. तरी दोन रेघा.  या वेळी आईनं नुसतं ताट वाढलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. वादविवादात समोरचा बोलतो तरी.

रविवारी तिला बरं नव्हतं, म्हणून गढा वस्तीतल्या चक्कीवर ज्वारी घेऊन मी गेले. नेहमी तीच ऑफिसला जाताना डबा ठेवायची, संध्याकाळी पीठ आणायची. माझ्या पुढे आमच्या गल्लीतल्या पुष्पाकाकू होत्या, राजगिरा घेऊन. चक्कीत कोणाचा तरी गहू चालला होता.

"भैया, इसके ऊपर मत डालना. उपास का है."

"पता है, चाची. कल सुबह सबसे पहले, चक्की साफ करके." मग चक्कीवाला माझ्याकडे वळला. "ज्वार है ना, बेटा? ला, गेहूँ पे डाल देता हूँ."

डबा माझ्या हातातच राहिला.

"भैया, हमारी ज्वार हमेशा गेहूँ पे पीसते हो?"

"जो चल रहा हो उसी पे. ज्वार कौन सी उपास की है?"

माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. निघालं एवढंच, "उपास की है."

"कौन सा उपास?"

"रोज का."

रांगेतले हसले. पुष्पाकाकू म्हणाल्या, "एवढा मोठा कोणता नवस बोललीस गं, विनता?"

डबा तसाच घरी आणला. आईला सगळं सांगितलं. ती पलंगावर उठून बसली.

"राजगिऱ्याचं मी त्याला दरवेळी बजावते," ती म्हणाली. "कशावर दळतो ते विचारते. तुझ्या ज्वारीचं काहून नाही सुचलं..." ती तशीच उठली, मिक्सरचं भांडं दोनदा घासलं आणि ज्वारी त्यातच दळली. पीठ जाडंभरडं निघालं. भाकरीच्या कडा फाटल्या, तरी तिनं माझ्यासोबत बसून त्यातलीच खाल्ली. 

पुढचं सगळं दळण मिक्सरमध्येच झालं. आज शाळेला सुट्टी होती. घरात कोणी नव्हतं. मी पट्टी लावली.

एक रेघ.

स्पर्धेचा कप मी अख्ख्या गल्लीला दाखवला होता. ही कोणाला दाखवणार? जयाला पाठवायला फोटो काढला, मग तो कशाचा आहे ते आठवलं आणि पुसून टाकला. लगेच परत काढला, आईसाठी. तिला यायला संध्याकाळ होणार होती. मी फोन उशाशी ठेवला आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले.