बाबल्याचा कोपरा

तिसऱ्या सकाळीही रेघ परत जुन्या जागी होती.

माझं डोकंच फिरलं. तीन दिवस संध्याकाळी घरी जाण्याआधी मी साखरशेत गावच्या मंगळूच्या प्लॉटची नकाशावरची रेघ सरळ करून ठेवत होतो, आणि सकाळी कॉम्प्युटर उघडावा तर तिचा कोपरा पुन्हा आत शिरलेला. जव्हारच्या या कचेरीची किल्ली माझ्याच खिशात. मग शिरलं कोण? ठाण्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, हा नकाशा आपल्या मशीनमध्ये नसतो, इंटरनेटवर असतो. ज्याच्याकडे पासवर्ड, तो कुठूनही बघेल, कुठूनही बदलेल. मी मान डोलावली होती. कळलं काही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

ही २००९ची गोष्ट. वनजमीन कसणाऱ्यांचे दावे आले होते. जीपीएसचं यंत्र घेऊन शेताच्या कडेकडेने चालायचं, त्यातले ठिपके नकाशावर चढवायचे, की झाला प्लॉट. माझा गुडघा धरला होता म्हणून यंत्र मी मंगळूच्याच हातात दिलं. गडी शेवटच्या कोपऱ्यापाशी आला आणि सरळ जायचं सोडून आत वळला. चांगला पाच गुंठ्यांचा नागलीचा तुकडा बाहेर राहिला.

"अहो मंगळूभाऊ, सरळ चला की. तोही तुम्हीच कसता ना?"

"कसतो मीच. पन माजा नाय. बाबल्याचा हाय."

बाबल्या त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला तो गेलाच. ना निरोप, ना पत्ता. ज्या तुकड्यावर कोणाचा दावा नाही तो जंगलखात्याकडेच राहणार, हे मी मंगळूला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तो नुसता ऐकायचा. शेवटी वैतागून मी गुपचूप रेघ सरळ केली. चुकलं असेल माझं. पण पाच गुंठे वाचत होते, आणि गुरुवारी मुदत संपत होती.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी मंगळूची मुलगी रोहिणी आली. बारावी झालेली, गावच्या वनहक्क समितीची सचिव. आपापले प्लॉट तपासा म्हणून समितीला पासवर्ड मीच लिहून दिला होता. हे मला आत्ता आठवलं.

"सर, रेघ तुम्ही हलवता का?" तिनेच विचारलं.

"म्हणजे परत नेतेस ती तू?"

"एसटी डेपोजवळच्या सायबर कॅफेतून. बाबा पाठवतात." तिचा आवाज खाली आला. "मलापण नाय पटत, सर. पण रेघ सरळ दिसली सांगितलं का बाबा जेवत नाय."

मंगळू तिच्या मागेच उभा होता. मी खुर्ची पुढे केली, तर तो भिंतीशी उकिडवा बसला.

"भाऊसाहेब, उद्या तो आला न् म्हनला, दादा, माजा कुठं हाय? तं मी काय दाखवू? कागदाव समदा माजाच नाव."

"आणि आलाच नाही तर?"

मंगळूने मान वर केली.

"मेला असता तं कोनी सांगाया आला असता ना?"

कोणी सांगायला आलं नाही, एवढ्यावर हा माणूस अकरा वर्षं त्या तुकड्यात नागली लावत होता. तो बरोबर की मी बरोबर, मला काही ठरवता येईना. शेवटी मी तो कोपरा वेगळा आखला आणि नावाच्या जागी 'बाबल्या' लिहिलं. दावा क्रमांकाचा रकाना कोराच राहिला. हे वर टिकणार नाही हे मला ठाऊक होतं, रोहिणीलाही. मंगळूने मात्र पडद्यावरचं नाव तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग घरी गेला.

महिन्याभराने अंतिम नकाशा छापून आला. मंजूर प्लॉट हिरव्या रंगात. मंगळूचाही हिरवा, कोपरा आत शिरलेला. बाबल्याचं नाव उडालं होतं. त्या जागी नुसता पांढरा कागद. रोहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मंगळूने नकाशा खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या जागेवरून हळूच बोट फिरवलं.

"मोकळा ठेवला ना?" तो म्हणाला. "बरा केला. आला तं त्याला जागा हाय."

मी हो म्हणालो.