खणातली आत्या

भाचीनं विचारलं तेव्हा मी भांडी घासत होते. "आत्या, माझ्या प्रदर्शनाला संगीत देशील? खेळकर हवंय."

खेळकर. मी आयुष्यभर सिनेमांना पार्श्वसंगीत देत आलेय, तेही रडक्या प्रसंगांचं. पडद्यावर कुणाची आई गेली की निर्माता मला फोन करतो. माझं नाव येईपर्यंत प्रेक्षक डोळे पुसून दाराशी पोचलेले असतात. या वेळी नाव भिंतीवर लागणार होतं, भाचीच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. लोकांनी एकदा तरी माझं काम थांबून ऐकावं, एवढीच हाव होती. मी ओल्या हातानंच हो म्हणाले.

तिची कार्यशाळा म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या कपाटांचं अनाथालय. ती त्यांना रंगवणार, हातपाय लावणार, आणि खण ओढला की आतून संगीत येणार.

"या निळ्याला कसलं संगीत देऊ?"

"ते लाजाळू आहे."

"आणि हे?"

"त्याला वाटतं, आपण घोडा आहोत."

सगळं डोक्यावरून गेलं, पण मी मान डोलावली. नाही तर आत्या म्हातारी झाली असं तिला वाटलं असतं.

आमच्या धंद्यात आधी डमी करतात. चाल सुचली की तोंडानंच गाऊन फोनवर पाठवायची, शब्द काहीही, वाद्यं मागाहून. मी स्वयंपाकघरातून एकेक पाठवत राहिले. भाचीकडून दर वेळी हसरा चेहरा यायचा. चाल पसंत आहे, असं मी समजले. मग चेलोवाल्याला आणि क्लॅरिनेटवालीला बोलावलं, दोघांशी यथास्थित भांडले, सगळं नीट रेकॉर्ड करून पाठवलं. त्यावर नुसता अंगठा आला. कामात असेल बिचारी, म्हटलं.

उद्घाटनाला दादा आला, म्हणजे माझा भाऊ, तिचा बाप. लेकीच्या कामाला तो पोरखेळ म्हणतो आणि माझ्या कामाला रडगाणी. मी त्याचा हात धरून त्याला थेट घोड्यापाशी नेलं. "आता गप्प उभा राहा आणि ऐक," म्हणाले, आणि खण ओढला.

"ढुम ढुम ढुमाक, ढुम ढुम... छे, हे गाढवासारखं वाटतंय. पुन्हा. ढुम ढुम... अगं बाई, दूध!"

माझाच आवाज. मागोमाग पातेलं आपटल्याचा आवाज. आजूबाजूची माणसं खो खो हसली. मी निळ्याचा खण ओढला. "इथं चेलो येईल, हूं हूं हूं," मी आतून म्हणत होते. पुढच्या कपाटात मी चक्क शिंकले. चेलोचा कुठेही पत्ता नव्हता. रागवावं तर लोक खूश आहेत, हसावं तर हसं माझंच झालंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कान तापले होते आणि समोरच्या भिंतीवर माझं नाव ठळक दिसत होतं.

भाचीला कोपऱ्यात गाठलं. "हे कच्चं होतं गं!"

"कच्चं म्हणजे?"

ही पोरगी आधी रेखाटन करत नाही, रंग सरळ लाकडावर ओतते आणि पहिला फटकारा तोच शेवटचा. तिला कच्चं कुठून माहीत असणार?

"पण मी कपाटं त्यावरूनच रंगवली, आत्या," ती म्हणाली. "तू गाढव म्हणालीस म्हणून घोड्याचे कान लांब केले."

"आणि मागून पाठवलेलं? ते उघडलंच नाहीस?"

"ऐकलं ना. दोनदा ऐकलं. फार सुंदर आहे. मला वाटलं, कुठल्या तरी सिनेमाचं चुकून मला आलं." "त्यात कोण जातं गं शेवटी?"

खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले. "ते घोड्याचं होतं. मी हसवत होते."

तिचा चेहरा उतरला. "बदलू का? उद्यापासून तेच लावू."

तेवढ्यात मागून पुन्हा ढुमाक ऐकू आलं. दादा कोट सावरत जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि खण तिसऱ्यांदा ओढत होता. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता. माझ्या संगीतानं दादाच्या डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं, आणि आता याला संगीत म्हणावं की नाही, तेच मला कळेना.

"दुधाचं काय झालं?" त्यानं तिथूनच विचारलं.

"उतू गेलं."

"मग पुढचं कुठल्या खणात आहे?"

मलाही माहीत नव्हतं. भाचीला म्हटलं, राहू दे, आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून पुढचा खण ओढला.