आठपट की दहापट

हात दाखवला नाही तर आमच्या थांब्यावर बस थांबत नाही. हात दाखवायचा तर नंबर आधी वाचता आला पाहिजे, आणि माझ्या बायकोला तो लांबून वाचता येईनासा झाला होता. एकदा सोळा समजून ती अठरामध्ये बसली आणि थेट आगारात जाऊन उतरली. तिथल्या पहारेकऱ्याच्या फोनवरून तिने घरी कळवलं, तेही हसत हसत. मुलाला मात्र हसू आलं नाही.

"आई, बास झालं आता. तो वर्ग सोड."

वर्ग म्हणजे शिवणाचा वर्ग, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती तिथे शिकवते. काज, टीप, दोरा ओवणं हे सगळं ती अजून भिंगाखाली धरून बिनचूक करते. अडतं ते लांबचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की चष्म्याने जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता लांबचं बघायला खिशात मावणारी दुर्बीण घ्या.

"मी सोबत जात जाईन," मी म्हटलं.

"तुम्ही?" ही म्हणाली. "कंडक्टरकडे तिकीट मागायला लाजता तुम्ही. तुमच्या सोबतीला मलाच यावं लागेल."

शेवटी मुलाने अट घातली. दुर्बीण आणा, पण थांब्यावर मी स्वतः उभा राहून बघणार; जमलं नाही तर वर्ग बंद. "बंद," ही म्हणाली. शिवणाच्या गिऱ्हाइकाशीही ती कधी घासाघीस करत नसे.

दुर्बीण निवडायचं काम माझ्याकडे आलं. दुकानदाराने दोन दुर्बिणी घरी बघायला दिल्या, एक आठपट मोठं दाखवणारी आणि एक दहापट. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. त्यामुळे मला सुचायचं तेच सुचलं. शब्दकोशाचं एक पान मी बोळाच्या टोकाला भिंतीवर लावलं, खुर्ची ओढली, टेबलावर कोपरं टेकली आणि चष्मा काढून एकेक दुर्बीण डोळ्यांना लावली. आठपटीत अक्षरं वाचता येत होती. दहापटीत अनुस्वारसुद्धा दिसत होते. प्रश्नच मिटला.

थांब्यावर मात्र त्या दहापटीने आमची फजिती केली. हिने ती डोळ्यांना लावली तेव्हा अख्ख्या बसऐवजी तिला बसचा आरसा दिसला, मग कुणाचं तरी कोपर, मग नुसतं आभाळ. जे दिसायचं तेही नाचत होतं. बस गेली. सोळाच होती.

मुलगा घड्याळाकडे बघत राहिला. ही मात्र माझ्याकडे वळली.

"अहो, घरी कशावर बघितलंत?"

"शब्दकोशाच्या पानावर."

"बसून?"

"बसून."

"बाहुलीच्या अंगावर सगळेच कपडे नीट बसतात," ती म्हणाली. "माणूस हात वर करतो तेव्हा कळतं काखेत कुठे ओढतंय ते."

एरवी मी एवढ्यावर गप्प बसलो असतो आणि रात्रंदिवस स्वतःला बोल लावत राहिलो असतो. पण चूक काय झाली ते मला अगदी लख्ख कळलं होतं. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही दहापट होते, आणि दिसण्याचा घेर अरुंद होतो. पान हलत नाही, टेबल हलत नाही. बस हलते, आणि उभं राहिलेलं माणूसही.

"पुढच्या वर्गाच्या दिवशी पुन्हा बघायचं," मी मुलाला म्हटलं. "चूक माझी होती, हिच्या डोळ्यांची नाही."

माझा एवढा ठाम आवाज ऐकून त्याने मान डोलावली.

दहापट परत देऊन लहान दुर्बिणी दाखवा म्हटलं, तेव्हा दुकानदार काचेच्या कपाटामागे उभा होता. "आजोबा, लोक मोठं दिसणारी मागतात. तुम्ही उलटे चाललात!"

"आम्हाला रस्त्यावर उभं राहून बघायचंय," मी म्हटलं.

"माल बाहेर? आणि घेऊन पळालात तर?" त्याने थट्टेने विचारलं.

"ह्यांना पळता येत असतं," ही म्हणाली, "तर परवाची बस धावत जाऊन धरली असती."

तो हसला आणि स्वतःच आमच्याबरोबर फुटपाथवर आला. मी हिला आधीच बजावलं होतं: चष्मा काढायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, कशाला टेकायचं नाही. पहिली दुर्बीण दोन जागी मुडपत होती, मुठीत मावत होती. पण दर वेळी उलगडून डोळ्यांच्या अंतरावर बसवायला दोन्ही हात लागत. "ही उघडेपर्यंत बस परत येईल," हिने निकाल दिला. दुसरीत उजेड छान होता, पण ती खिशात जाईना. तिसरी आमची जुनी आठपट. तिला मधोमध एकच बिजागरी होती. मी डोळ्यांवर टेकणाऱ्या रबरी कडा खाली मुडपून दिल्या, म्हणजे चष्म्यावरूनही पुरता गोल दिसतो. हिने ती एका हाताने उचलली आणि येणाऱ्या टेम्पोमागे फिरवली.

"ताज्या भाज्यांची वाहतूक," तिने टेम्पोच्या कपाळावरचं वाचलं. "अहो, ताज्या म्हणे! पाला वाळलाय सगळा."

"हीच," मी म्हटलं.

"हीच," तीही म्हणाली.

वर्गाच्या दिवशी आम्ही तिघं थांब्यावर उभे होतो. मुलगा मुद्दाम दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून हिला काही कळू नये. वळणावर बस दिसली. दुर्बीण वर गेली, क्षणभर थांबली, खाली आली. हिने हात दाखवला नाही. मला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. बस समोरून गेली. अठरा होती.

पुढची बस वळणावर आली. दुर्बीण वर, आणि लगेच पिशवीचा हात पिशवीसकट उंच.

सोळा नंबर थांबली.

मुलाने सोबत जायला पायरीवर पाय ठेवला. "तू कुठे?" ही म्हणाली. "तुझं नाव नाही वर्गात." त्याने पाय मागे घेतला. ती चढली, दुर्बीण खिशात टाकली आणि बस निघाली.

मुलगा बस वळेपर्यंत बघत राहिला. मग त्याने वर्गात फोन लावला.

"आई निघालीय, सांगून ठेवा," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं तशी त्याची भिवई चढली. "एकटीच. म्हणजे काय? येईल की! का नाही येणार?"